बत्तीस की तेवीस? कबड्डीच्या मोसमात घरातलं गणित

२९ डिसेंबर २०२४ ची रात्र. तिकडे बालेवाडीत प्रो कबड्डीचा अंतिम सामना, इकडे नाशिकला सिडकोत आमच्या हॉलमध्ये तीन मोठी माणसं, दोन पोरं आणि चिवड्याची परात. दुसरीतला भाचा गुडघ्यावर वही ठेवून गुण लिहीत होता, मी मोठ्याने सांगत होते. सामना संपला. हरियाणा स्टीलर्स बत्तीस, पाटणा पायरेट्स तेवीस. त्याने हरियाणापुढे २३ लिहिले आणि पाटण्यापुढे ३२. मग एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा वहीकडे, आणि म्हणाला, "मावशी, मी पाटण्याला जिंकवलं की गं!"

यात त्याची चूक फारशी नव्हती. 'बत्तीस' म्हणताना तोंडात दोन आधी येतो, तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस दोन', 'वीस तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मला स्वतःला बत्तीस सोडवत नाही, पण पोरांची अडचण खरी आहे. आणि कबड्डीचे गुण बहुतेक वेळा विशी ते चाळिशीतच फिरतात, म्हणजे नेमके जिथे एकोणतीस, तेहतीस, अडतीस, एकोणचाळीस पोरांना छळतात तिथेच. क्रिकेटमध्ये धावा बघता बघता शंभरापार जातात. पहिली-दुसरीच्या मुलाला तो पल्ला मोठा होतो, म्हणून प्राथमिकच्या गणितासाठी मी कबड्डीला आधी पसंती देते.

त्या रात्रीपासून आमच्याकडे हा प्रकार नीट सुरू झाला. चौथीतली लेक आणि दुसरीतला भाचा असे दोन विद्यार्थी. जे जमलं, जे फसलं, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी एक संघ धरा

सगळे संघ पाहत बसू नका. एक संघ निवडा आणि मोसमभर त्याच्याच मागे जा. आमचा पुणेरी पलटण. नवरा मुंबईचा, त्यामुळे त्याचं यू मुम्बा, आणि पुणे-मुंबई सामन्याला घरात वेगळाच रंग चढतो. आपला संघ तीन गुणांनी मागे असला की 'तीन' हा आकडा पोराला पोटातून कळतो. ज्या संघाशी देणंघेणं नाही त्याची वजाबाकी कोण करणार? रोज सामना बघायचीही गरज नाही. आठवड्यातून दोन पुरे, शाळेच्या दिवशी तर फक्त पहिलं सत्र.

चौदा चिंचोके

वही नंतर. सुरुवात चिंचोक्यांनी करा. सात एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला, मध्ये खडूने एक रेघ. घरात चिंचोके नसतील तर बटणं घ्या, पण दोन्ही बाजूंचे रंग वेगळे हवेत.

नियम एवढेच सांगा. चढाईपटूने एकाला स्पर्श करून बाद केलं की एक गुण आणि समोरचा एक चिंचोका बाहेर. चढाईपटू पकडला गेला की समोरच्यांना एक गुण आणि आपला एक बाहेर. आपण जितके बाद करू तितके आपले बाहेर बसलेले परत आत येतात, आणि जो आधी बाद झाला तो आधी येतो. म्हणून बाहेरचे चिंचोके ढिगाने टाकायचे नाहीत, ओळीत मांडायचे. पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक शब्द त्या ओळीतच शिकून होतात. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली तर बोनसचा एक गुण, पण बोनसवर कोणी परत येत नाही. सगळे सात बाद झाले की लोण, म्हणजे दोन जादा गुण आणि बाद झालेले सातही पुन्हा आत.

टीव्ही लावण्याआधी एक खोटा सामना खेळा. आमचा असा होता, पुणे विरुद्ध मुंबई:

पुण्याची चढाई, एक बाद. पुणे १, मुंबईचे सहा उरले.
मुंबईची चढाई, फक्त बोनस. १–१, मैदानात कोणी हललं नाही.
पुण्याचा चढाईपटू पकडला. १–२. पुण्याचे सहा, मुंबईचा एक परत, त्यांचे सात.
मुंबईची रिकामी चढाई.
पुण्याची चढाई, दोन स्पर्श आणि बोनस. ४–२. मुंबईचे पाच. पुण्याचा एक परत, सात.
मुंबईचा चढाईपटू पकडला. ५–२. मुंबईचे चार.

पाचव्या चढाईला भाच्याने हात अडवला. "दोघांना मारलं ना? मग आपले दोन का नाही आले?" मी उत्तर देणार तेवढ्यात लेक म्हणाली, "अरे, बाहेर एकच होता, दुसरा आणायचा कुठून?" तो बराच वेळ चिंचोक्यांकडे बघत बसला. सातापेक्षा जास्त होत नाहीत आणि शून्यापेक्षा कमी होत नाहीत, हे त्याला कोणी शिकवलं नाही.

या खेळाने साताच्या जोड्या तोंडपाठ होतात. आत चार तर बाहेर तीन, आत दोन तर बाहेर पाच. महिनाभर फक्त एवढंच केलं तरी काही बिघडत नाही. समोर तिघे किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर ती अव्वल पकड आणि एक जादा गुण, हा नियम मात्र दोनेक सामन्यांनंतर सांगा. एकदम सगळं सांगितलं तर डोकं शिणतं.

वहीचं पान

चौकटीची वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ, ती मध्यरेषा. डावीकडे आपला संघ, उजवीकडे समोरचा. एका चढाईला एक ओळ: मिळालेले गुण आणि त्यापुढे आतापर्यंतची बेरीज. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, म्हणजे लिहायला वेळ तेवढाच. लेकीला ते जमलं. भाच्याला नाही जमलं, तो रडकुंडीला आला. त्याच्यासाठी ताळ्याच्या खुणा ठेवल्या: चार उभ्या, पाचवी आडवी. सामना संपल्यावर पाच, दहा, पंधरा, वीस करत मोजायचं. पाचाचा पाढा त्याला असाच आला, आणि कसा आला हे त्याला अजून माहीत नाही.

एक नियम आमच्याकडे कडक आहे. टीव्हीवरचा गुणफलक झाकायचा. आम्ही पडद्याच्या वरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवतो. गुण पोरांनी सांगायचे, पट्टी सत्र संपल्यावरच उचलायची. नवऱ्याला हे अजिबात आवडत नाही, पण तो आता पुढच्या खोलीत मोबाईलवर बघतो.

मध्यंतरात दोघांच्या वह्या जुळवायच्या. जुळल्या नाहीत तर चूक कोणाची हे मोठ्यांनी सांगायचं नाही. त्यांना दुसऱ्या वाटेने बेरीज करायला लावा. समजा चढाईचे १४, पकडीचे ९, लोणाचे ४, इतर १. एकूण २८. ओळीओळीने आलेली बेरीजही २८ असायला हवी. नसेल तर कुठली तरी चढाई सुटली आहे, ती शोधायची. एका रात्री लेकीच्या रकान्यात लोणाचे ३ निघाले. ती स्वतःच म्हणाली, "हे होऊच शकत नाही, लोण दोनाचं असतं." सम-विषम संख्यांचा धडा शाळेत झाला होता तिचा. उपयोगाला आला तो त्या रात्री.

आकड्यांची नावं

गुण मराठीत, मोठ्याने आणि दोन्ही संघांचे एकदम म्हणायचे: "अठ्ठावीस-पंचवीस." इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी तर हा भाग सोडूच नका. आमच्या इमारतीतली पाचवीची मुलगी 'एकोणचाळीस' ऐकून एकोणपन्नास लिहायची. तिला म्हटलं, एकोण म्हणजे एक उणा. चाळीसला एक उणा, एकोणचाळीस. तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

बत्तीस-तेवीसच्या गोंधळावर आम्ही एक उपाय केला. ऐकायचं 'बत्तीस', बोटांनी आधी तीन दाखवायचे, मग दोन, आणि त्यानंतरच लिहायचं. आठ-दहा सामन्यांत उलटं लिहिणं थांबलं.

त्याच आकड्यांत एक गंमतही आहे. ३२ वजा २३ किती? ९. मग ४१ वजा १४? २७. ३१ वजा १३? १८. अंक उलटे केले की फरक नेहमी नवाच्या पाढ्यातला येतो. लेकीने चारीकडून आकडे घेऊन तपासलं आणि एकही सुटला नाही. कारण चिंचोक्यांनी दाखवता येतं: दशकाच्या घरातला एक चिंचोका म्हणजे दहा. तो उचलून एककाच्या घरात ठेवला की त्याचा एकच होतो, म्हणजे नऊ गेले.

किती हवेत?

वजाबाकीसाठी मी जुने अंतिम सामने वापरते. २०१४ चा पहिला मोसम: जयपूर पिंक पँथर्स ३५, यू मुम्बा २४. २०१५: यू मुम्बा ३६, बंगळूरु बुल्स ३०. मार्च २०२४, हैदराबाद: पुणेरी पलटण २८, हरियाणा २५. मग तो ३२–२३. आणि २०२५ मध्ये दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८ (यावर आमच्या घरात अजून बोलत नाहीत).

पहिले तीन दुसरीच्या मुलाला सरळ देता येतात, दशक सुटा करावा लागत नाही. शेवटच्या दोनांत लागतो. पण पोरं सामना बघताना उभी वजाबाकी मांडत नाहीत. ती विचारतात, "आपल्याला किती हवेत?" आणि मोजतात, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, तीन हवेत. ही पुढे मोजत जायची रीत उत्तम आहे, वाण्याकडे सुटे परत घेताना आपण हेच करतो. तिला 'ही पद्धत शाळेतली नाही' म्हणून मोडू नका. उभी मांडणी नंतर येते आणि ती आल्यावरही ही कामाला येते.

चौथीच्या मुलाला त्यापुढचं: तीन हवेत तर कसकसे मिळतील? तीन एकेकट्या चढाया, एक अव्वल पकड आणि एक बोनस, समोर एकच उरला असेल तर त्याला बाद करून लोण. यावर आमच्याकडे भांडण झालं होतं आणि सामना तसाच पुढे गेला.

गुणतक्त्यातला पाचाचा पाढा

२०२५ पासून विजयाला दोन गुण आणि पराभवाला शून्य, त्यामुळे तक्ता सोपा आणि गणिताच्या दृष्टीने बेचव झाला. मी त्याआधीचा वापरते. तेव्हा विजयाला ५, बरोबरीला ३, सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १, त्याहून जास्त फरकाने हरलात तर काही नाही.

दहाव्या मोसमात साखळीत प्रत्येक संघाचे २२ सामने होते. पुणेरी पलटण १७ जिंकली, ३ बरोबरीत सुटले, २ हरली. एकूण गुण ९६. हे आकडे पोरांसमोर ठेवा आणि गप्प बसा. लेकीने केलं: सतरा पंचे पंच्याऐंशी, तीन त्रिक नऊ, झाले चौऱ्याण्णव. मग शहाण्णव कसे? वरचे दोन कुठून आले? पेन्सिल चावत बसली. मग एकदम, "हरले त्याचे! दोन्हीत एकेक! म्हणजे आई, ते साखळीत आठ गुणांनी कधी हरलेच नाहीत!" ही गोष्ट तिला कुठल्याही बातमीत सापडली नसती, तिने ती बेरजेतून काढली होती.

बारा संघ, प्रत्येकाचे २२ सामने, तर साखळीत एकूण सामने किती? १२ गुणिले २२ म्हणजे २६४. उत्तर आहे १३२. पुणे-मुंबई सामना पुण्याच्याही खात्यात मोजला आणि मुंबईच्याही. हे तोंडी समजावू नका, चार संघांचा तक्ता काढून द्या आणि प्रत्येक सामन्यावर टिंब मारायला सांगा. लेक दोन दिवस २६४ वर अडून होती.

पावणेचार मीटर

मैदान मोजायचं काम सुट्टीच्या दिवशी. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, महिलांचं १२ गुणिले ८. क्षेत्रफळ १३० आणि ९६ चौरस मीटर, परिमिती ४६ आणि ४० मीटर. चौकटीच्या वहीत एक मीटरला एक सेंटिमीटर धरलं की अख्खं मैदान पानावर बसतं.

खरी मजा अर्ध्या मैदानात आहे. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायची ती) ३.७५ मीटर, तिथून बोनस रेषा एक मीटर, तिथून अंतिम रेषा १.७५ मीटर. लेक दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह मांडत होती, तोवर माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पावणेचार नि एक पावणेपाच, नि पावणेदोन, साडेसहा." त्यांच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घ्यायचे. तेव्हापासून दशांशाचं पहिलं वाचन मी आजीच्या भाषेतच करते. ३.७५ म्हणजे चाराला पाव कमी, हे एकदा कानात बसलं की 'तीन पूर्णांक पंचाहत्तर शतांश' परकं वाटत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शब्द घरात आहेत, तर वापरावेत.

पार्किंगमध्ये मेझर टेप आणि खडू घेऊन अर्ध्या मैदानाची लांबी आखता येते. रुंदी मावत नाही, गाड्या असतात.

घड्याळ आणि सरासरी

वेळेवर फार वेळ घालवत नाही. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद घेतली तर मिनिटाला दोन, सामन्यात ८०. घड्याळ उलटं धावतं, म्हणून ३:४० उरलेत तर किती झाले, हे विचारा. पोरं १६:६० सांगतात. सांगू द्या, घड्याळात साठ सेकंद कधी दिसतात का, ते त्यांनाच शोधायला लावा.

सरासरी पाचवीच्या मुलांसाठी. प्रदीप नरवालने प्रो कबड्डीत १९० सामन्यांत चढाईचे १,८०१ गुण मिळवले. भागाकार करायच्या आधी अंदाज: सामन्याला दहा असते तर १,९०० झाले असते. म्हणजे दहापेक्षा जरा कमी. नऊ असते तर १,७१०. म्हणजे नऊ आणि दहाच्या मध्ये कुठेतरी. उत्तर ९.४८ च्या आसपास येतं, पण मला अंदाजातच रस आहे.

क्रिकेटचा एक सापळा

कबड्डी संपली की क्रिकेट येतंच. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, रणजीचा सामना असेल तर पोरांना जरूर न्या. संथ खेळ, लिहायला भरपूर वेळ. फक्त एक लक्षात ठेवा: गुणफलकावरचं १४.३ हे दशांश नाही. ती चौदा षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचौदा षटकं, ८७ चेंडू. १४.६ कधी दिसतच नाही, १४.५ नंतर थेट १५. दशांश नुकतेच शिकलेल्या मुलाला हे आधी सांगितलं नाही तर दोन्हीकडे घोळ होतो. आमच्याकडे झाला.

जे फसलं

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक चढाईनंतर प्रश्न विचारत होते. "आता फरक किती? आत किती? लोणला किती बाकी?" चौथ्या दिवशी भाचा गच्चीवर निघून गेला आणि सामना मी एकटीने बघितला. त्यानंतर ठरवलं, एका सत्रात माझा एकच प्रश्न, तोही चुरस असेल तेव्हा. बाकी प्रश्न त्यांना पडले तर पडले.

चुकीला लाल पेन लावू नका. बरोबर उत्तराला चॉकलेटही नको, आपला संघ जिंकला की चॉकलेट आपोआप निघतंच. आणि पैशाच्या पैजा, संघ बनवायची ॲप्स वगैरे पोरांच्या हातात देऊ नका. तिथला हिशेब वेगळाच असतो.

प्रत्यक्ष मैदानावर

टीव्हीवर हात बसला की एखाद्या मंडळाच्या स्पर्धेला जा. थंडीत पंचवटीत, नाशिकरोडला, आसपासच्या गावांत प्रकाशझोतात सामने होतात. गुणलेखकाच्या टेबलाजवळ जागा धरा, पण सामना चालू असताना त्यांच्याशी बोलू नका. त्यांच्या तक्त्यात एकपासूनचे आकडे आधीच छापलेले असतात आणि गुण मिळाला की पुढचा आकडा खोडायचा. पहिलीच्या मुलासाठी यापेक्षा सोपी संख्यारेषा मिळणार नाही. घरी तसा तक्ता हाताने काढून ठेवलात तर ताळ्याच्या खुणांची जागा तो घेऊ शकतो.

सामना संपल्यावर भाचा टेबलापाशी गेला. "काका, तुमचं चुकलं तर?"

गुणलेखकांनी शेजारच्या दोघा सहायकांकडे बोट दाखवलं. "हे दोघं बाद झालेल्यांची ओळ लिहितात. कोण आधी गेला, कोण आधी येणार. माझं चुकलं तर यांच्या कागदावर कळतं."

भाच्याने वाकून कागद बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, यांच्याकडे चिंचोके नाहीत."